‘खांदा तेवढा बसवून द्या’

“डॉक्टर, पोराचा खांदा निखळलाय, तेवढा बसवून द्या.” महाळुंग्यातल्या माझ्या दवाखान्यात हे वाक्य आलं की मी आधी पोराचं वय विचारतो. (हे बालेवाडीजवळचं महाळुंगे नव्हे; चाकण-तळेगाव रस्त्यावरचं, कंपन्यांच्या पाळ्यांवर चालणारं.) दहा वर्षांच्या आतल्या मुलाचा खांदा निखळणं फार दुर्मीळ. सांधा धरून ठेवणारे बंध या वयात चिवट असतात, हाडाच्या टोकाजवळची वाढीची कूर्चा मात्र नाजूक. जोराचा मार बसला की आधी ती सरकते, नाहीतर हाड मोडतं. बहुतेकदा हासळीच.

दोन-तीन वर्षांच्या मुलांचं आणखी वेगळं. कंपनीची बस गाठायच्या घाईत कुणीतरी हात धरून खेचलेलं असतं. मूल हात लोंबता ठेवून रडतं आणि घरचे खांदा दाखवतात. सरकलेलं असतं कोपरात! ते हलक्या हाताने बसवलं की थोड्या वेळात तोच हात बिस्किटाकडे जातो.

दंडाच्या हाडाची सुमारे 80 टक्के वाढ खांद्याकडच्या टोकाला होते. त्यामुळे तिथे हाड मोडून थोडं वाकडं जुळलं, तरी लहान वयात ते वाढता वाढता सरळ होतं. एक्स-रे बघून बाप ऑपरेशनचा खर्च विचारतो. मी म्हणतो, गळ्यात झोळी, तीन-चार आठवडे. त्याला हा उपचारच वाटत नाही. खरं तर वाट पाहणं हाच इथे उपचार आहे. पंधरा-सोळाव्या वर्षी मात्र वाढ संपत आलेली असते. हाड फार सरकलं असेल तर भूल देऊन बसवावं लागतं, कधी तारा घालाव्या लागतात. कबड्डीच्या पकडीत खांदा खरोखर निखळतो तोही याच वयात, आणि या वयात एकदा निखळलेला पुन्हा निखळण्याची भीती मोठी.

तेल लावून चोळणं आणि हात ओढून बघणं, या दोन्हींचा मला मनापासून राग आहे. मोडलेलं हाड त्याने आणखी सरकतं. ओढणीची झोळी करून हात छातीशी बांधा आणि घेऊन या. बोटं गार किंवा बधिर वाटली तर अजिबात थांबू नका.

आणि मूल पडलेलं नसताना ताप आहे, खांदा हलवू देत नाही, असं दिसलं तर सांध्यात पू झालेला असू शकतो. तेव्हा पाळी सुटायची वाट बघू नका. पिंपरीचं यशवंतराव चव्हाण रुग्णालय किंवा जवळचं कुठलंही मोठं रुग्णालय, त्याच रात्री गाठा.