बाजाराचे गाव आणि गावाचा बाजार

गडहिंग्लजकरांपुढे बाजारावर व्याख्यान देणे म्हणजे कोकणच्या माणसाला नारळ सोलायला शिकवण्यासारखे आहे, याची आम्हांला जाणीव आहे. रविवारच्या बाजारात मिरचीच्या ढिगाशेजारून शिंकत शिंकत जे लहानाचे मोठे झाले, त्यांना बाजार म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. पण आज ज्या बाजाराविषयी बोलावयाचे तो जरा वेगळ्या जातीचा आहे.

विलायतेत आणि अमेरिकेत गेल्या काही दशकांत 'आउटलेट व्हिलेज' या नावाची खरेदीची गावे उभी राहिली. म्हणावयाचे गाव, परंतु तेथे राहत कोणीच नाही. जुन्या घरांसारखी दिसणारी दुकाने दुतर्फा बांधलेली, मधून चालण्यापुरती गल्ली, आणि प्रत्येक दारावर नामांकित कंपनीची पाटी. माल त्याच कंपनीचा, पण गेल्या हंगामातला, काही मापांतच शिल्लक राहिलेला, क्वचित शिलाईत किरकोळ दोष असलेला. म्हणून दर उतरलेला. असे दुकान शहरातल्या आपल्याच बड्या दुकानाशेजारी थाटले, तर तेथे पूर्ण दाम कोण मोजील? म्हणून ते शहरापासून लांब, जमीन स्वस्त असेल तेथे, मोठ्या रस्त्याच्या कडेला नेतात. जागेचा मालक पुष्कळदा ठरीव भाड्याबरोबर विक्रीतला हिस्साही घेतो. तेव्हा गिऱ्हाईक आणण्याची काळजी दुकानदाराइतकीच त्यालाही असते. पुढे पुढे तर अशा दुकानांसाठीच मुद्दाम हलका माल काढण्याची चाल पडली. म्हणजे 'उरलेला माल' हे निमित्त तेवढे उरले!

इंग्लंडात ऑक्सफर्डजवळ बिस्टर नावाचे एक लहान गाव आहे. तेथे १९९५ साली अशी पेठ उघडली. आज ती पाहण्यास परदेशचे प्रवासी थेट लंडनहून रेल्वेने जातात, आणि २०१५ पासून तेथल्या स्टेशनला गावाचे नव्हे, तर त्या पेठेचे नाव आहे.

पेठ मुद्दाम वसवणे ही गोष्ट आपल्याला नवी नाही. १८९१ साली कोल्हापूरला आगगाडी आली आणि चार वर्षांनी, १८९५ मध्ये, शाहू महाराजांनी स्टेशनाजवळ शाहूपुरी ही गुळाची पेठ वसवली. बिस्टरच्या बरोबर शंभर वर्षे आधी! जागेची निवड, दळणवळणाचा विचार, व्यापाऱ्याला बोलावून आणणे, हे सारे दोन्हीकडे सारखेच. फरक एवढाच, की शाहूपुरीत येणारा गूळ भोवतालच्या गुऱ्हाळांतून येत असे, आणि त्याचा पैसा त्याच वाटेने पुन्हा उसाच्या मळ्यात जात असे. बिस्टरच्या दुकानांतले रेशीम आणि कातडे कोठून येते, त्याचा बिस्टरच्या शेतकऱ्याशी काहीएक संबंध नाही. गावकऱ्याच्या वाट्याला येतात त्या दुकानांतल्या नोकऱ्या, आणि रस्त्यावरची मोटारींची रांग.

आता आपल्या गावाकडे वळू. गडहिंग्लज मोठे झाले ते कोणी नकाशा आखला म्हणून नव्हे. आंबोलीच्या डोंगरात उगम पावणारी हिरण्यकेशी आजऱ्यावरून आपल्याकडे येते आणि पुढे संकेश्वराकडे जाते. तिच्या वरच्या अंगाला पावसाचा मुलूख, भात आणि काजू. खालच्या अंगाला कोरडवाहू रान, जोंधळा, भुईमूग, मिरची. जेथे असे दोन मुलूख एकमेकांना भेटतात तेथे देवघेव व्हावीच लागते. आजऱ्याच्या घनसाळ तांदळाला संकेश्वरी मिरचीचे कालवण हवे, हे काही कोणा सरकारने ठरवलेले नाही. पश्चिमेस आंबोली उतरली की सावंतवाडी, पूर्वेस संकेश्वराला पुणे-बंगळूर रस्ता. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली आणि संकेश्वर दुसऱ्या राज्यात गेले, तरी बाजारच्या दिवशी कानडी बोलणारे गिऱ्हाईक येथे काही परके ठरले नाही.

अशा बाजाराचा एक विशेष डोळ्यांत भरण्याजोगा आहे. सकाळी जो मिरचीचे पोते विकतो तोच दुपारी धोतरजोडी, पत्र्याची बादली आणि पोरांसाठी चिरमुरे घेऊन परततो. विकणारा आणि घेणारा एकच! त्याची मिरची पडत्या भावाने गेली, तर संध्याकाळी कापडवाल्याचीही गादी थंड पडते. कापडवाल्याला मिरचीच्या भावाची विचारपूस करावी लागते ती काही नुसत्या सौजन्यापोटी नव्हे.

आम्हांला या ठिकाणी इंग्लंडातलेच दुसरे एक गाव आठवते. सॉमरसेट परगण्यात स्ट्रीट नावाच्या गावी १८२५ पासून क्लार्क घराण्याचा धंदा. पिढ्यान् पिढ्या गाव जोडे शिवून जगले. पुढे परदेशात मजुरी स्वस्त, म्हणून जोडे तिकडे होऊ लागले. आणि १९९३ साली जुन्या कारखान्याच्या आवारात सवलतीच्या दुकानांची पेठ उघडली. गाव ओस पडले नाही, हे खरे. ज्या आवारात जोडा शिवला जाई तेथे आता बाहेरून शिवून आलेला जोडा विकला जातो, आणि शिवणाऱ्याचा नातू गल्ल्यावर बसतो. त्याला रोजगार मिळाला, पण आजोबाचा हात गेला.

हे ऐकताना आपल्यापैकी कित्येकांना शेजारची सेनापती कापशी आठवली असेल. कापशीची चप्पल सर्वांच्या ओळखीची आहे. हिरडा आणि बाभळीची साल यांत कमावलेले कातडे, हाताने घातलेली वेणी. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार असे ८ जिल्हे त्यात एकत्र आले. कारागिरांची वस्ती राज्याची सीमा पाहून झालेली नव्हती. २०२५ च्या जूनमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलान शहरी असलीच चप्पल कोल्हापूरचे नाव न घेता मिरवली. इकडे ओरड झाली, तेव्हा कोठे तिने मूळ कबूल केले.

तेव्हा संकेश्वराच्या रस्त्यावर उद्या कोणी अशी खरेदीची पेठ काढावयाची म्हटली, तर आम्ही आधी दिव्यांची रोषणाई विचारणार नाही. कापशीच्या कारागिराला त्यात गाळा आहे काय, त्याचे भाडे त्याला झेपेल काय, आणि गाळ्याच्या मागे कातडे कापण्यापुरती जागा ठेवली आहे काय, एवढे मात्र विचारू.