बोन्साय विकायचंय? आधी झाड ठरवा, ट्रे नंतर घ्या!

मित्रांनो, बोन्सायच्या धंद्यात भांडवल अडकतं ते चुकीच्या झाडात. जपानी मेपल फोटोत भारी दिसतो, पण त्याला हिवाळ्यात खरी थंडी लागते आणि आपल्या उन्हात पानं करपतात. आंब्याचं खोड छोटं ठेवता येतं, पण पानं मोठीच राहतात. मग सुरुवात कशाने करायची?

१) वड, पिंपळ, उंबर, फायकस : छाटणी सोसतात, चुकलात तरी पुन्हा फुटतात. भिंतीत उगवलेलं पिंपळाचं रोप तर फुकटच!

२) जेड : फांदीचा तुकडा दोन-चार दिवस सुकू द्या, मग लावा. मुळं सहज धरतात. फक्त पाणी साचू देऊ नका, कुजतं.

३) बोगनवेल : जाड फांदीलाही मुळं फुटतात, म्हणजे जाड खोड आयतंच मिळतं. बंगलेवाले काढून टाकतात तो बुंधा मागून आणा.

४) चिंच : पानं मुळातच बारीक, झाड लवकर जुनं वाटतं.

आता हिशोब बघा. उथळ ट्रेमध्ये खोड फारसं जाड होत नाही. ते आधी जमिनीत किंवा मोठ्या कुंडीत वाढवावं लागतं आणि त्यात वर्षं जातात. म्हणून जेडची छोटी रोपं विकून रोजचा खर्च काढा आणि मागे वड-फायकस वाढत ठेवा. तीच तुमची एफडी!

आणि गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा, ‘ही झाडं उजेडातली आहेत, एसी केबिनमधली नाहीत.’ झाड जगलं, तरच तो परत येईल.