मोपाचे दिवे: गैरसमज आणि वस्तुस्थिती

22 मे 2024 रोजी सायंकाळी मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावर वीज कोसळली आणि धावपट्टीच्या कडेचे दिवे निकामी झाले. सहा विमाने दुसरीकडे वळवावी लागली. काही तासांत दुरुस्ती झाली, पण दिव्यांवाचून विमाने का अडतात हा प्रश्न मागे उरला. पावसाळ्यात विमानतळ असलेल्या पेडण्याच्या पठारावर ढग उतरतात, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक प्रवाशाला ठाऊक असायला हवे.

गैरसमज: पाळीत, डिचोलीत लख्ख ऊन आहे, म्हणजे मोपावर विमान उतरायलाच हवे.
वस्तुस्थिती: निर्णय धावपट्टीपाशी मोजलेल्या दृश्यमानतेवर होतो. त्यासाठी तिच्या कडेला उपकरणे बसवलेली असतात. सखल गावात आकाश मोकळे असताना पठार ढगात बुडालेले असू शकते.

गैरसमज: विमान यंत्रेच उतरवतात, दिवे नावापुरते.
वस्तुस्थिती: ‘आयएलएस’चे रेडिओ संकेत विमानाला धावपट्टीच्या रेषेत आणतात. पण पहिल्या श्रेणीच्या अवतरणात जमिनीपासून सुमारे 60 मीटरवर, म्हणजे 200 फुटांवर, वैमानिकाला दिवे किंवा धावपट्टी स्वतःच्या डोळ्यांनी दिसावीच लागते. तीन अंशांच्या उतारावर ही उंची धावपट्टीच्या अलीकडे साधारण 900 मीटरवर येते. म्हणूनच धावपट्टीच्या अलीकडे मांडलेल्या दिव्यांची पूर्ण रांगही तितकीच लांब असते. ताशी 250 किलोमीटर वेगाने हे अंतर अवघ्या 13 सेकंदांत संपते. तेवढ्यात दिशा आणि कल दोन्ही कळावे लागतात. मधली रांग दिशा सांगते आणि आडवे पट्टे पंख समपातळीत आहेत का ते दाखवतात. पूर्ण स्वयंचलित अवतरणासाठी खास यंत्रणा, तसे विमान आणि प्रशिक्षित वैमानिक हे तिन्ही लागतात.

गैरसमज: पिवळा प्रकाश धुके भेदतो.
वस्तुस्थिती: धुक्याचे थेंब प्रकाशलहरींपेक्षा कितीतरी मोठे असतात, ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. इथे रंग अर्थ सांगतात: धावपट्टीच्या आरंभी हिरवे, शेवटी लाल, कडेला पांढरे आणि अखेरच्या 600 मीटरमध्ये पिवळसर. बाजूच्या चार ‘पापी’ दिव्यांपैकी दोन पांढरे, दोन लाल दिसले तर उंची बरोबर. चारही लाल दिसले तर विमान फार खाली आहे.

गैरसमज: दिवे जितके प्रखर, तितके चांगले.
वस्तुस्थिती: नियंत्रण मनोऱ्यातून प्रखरता कमी-जास्त करतात. दाट धुक्यात ती वाढवतात. निरभ्र रात्री तोच उजेड डोळे दिपवतो, म्हणून मंद करतात.

गैरसमज: उतरता उतरता विमान पुन्हा वर गेले, म्हणजे वैमानिक चुकला.
वस्तुस्थिती: ठरलेल्या उंचीवर दिवे दिसले नाहीत, तर वर जाणे हाच नियम आहे. त्याला ‘गो-अराउंड’ म्हणतात. दुसऱ्या विमानतळापर्यंत पोचण्याइतके इंधन निघतानाच भरलेले असते.

उशीर झाला की चीड येते आणि ती स्वाभाविक आहे. पण न दिसणाऱ्या धावपट्टीवर उतरण्यास नकार देणारा वैमानिक आपले कर्तव्यच बजावत असतो. त्या वेळी त्याला घाई करायला लावणारा एकही शब्द आपल्या तोंडून निघू नये.