काचेच्या विटेतील दिवा

तेरणेच्या काठाला काच नवी नाही. माकणीजवळ निम्न तेरणा धरणाने अडविलेली ही नदी वरच्या अंगाला तेर गावावरून वाहत येते, आणि तेर म्हणजेच प्राचीन तगर. येथील तलम वस्त्रे गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जात, अशी नोंद ‘पेरिप्लस’ या जुन्या ग्रीक व्यापारग्रंथात आहे. मुनी कनकामर यांच्या अपभ्रंश ‘करकंडचरिउ’मधील तेरापूरही याच परिसराशी जोडले जाते. तेरच्या उत्खननांत मृण्मूर्ती व हस्तिदंती वस्तूंबरोबर काचेचे मणीही मिळाले. जुने कारागीर मऊ, तप्त काचेची नळी ओढून तिचे तुकडे करीत. त्यामुळे मण्याचे छिद्र काच थंड होण्यापूर्वीच तयार झालेले असे. आज घरोघरी जी हस्तकला रुजू पाहत आहे, तिची खरी अडचण नेमकी येथेच आहे. तिच्यात छिद्र थंड काचेला पाडावे लागते.

ही हस्तकला म्हणजे काचेच्या विटेची, अर्थात ग्लास ब्लॉकची शोभेची वस्तू. जिन्याच्या भिंतीत किंवा न्हाणीघराच्या झरोक्यात बसविलेल्या या विटा सर्वांच्या पाहण्यातील आहेत. स्वित्झर्लंडमधील वास्तुविशारद गुस्ताव फाल्कोनिए यांनी १८८०च्या दशकात फुंकून केलेल्या काचविटांचा प्रारंभ केला. पुढे १९३०च्या दशकात अमेरिकेत दाबून घडविलेले दोन अर्धे भाग तप्त असतानाच जोडण्याची पद्धत रूढ झाली. आत कोंडलेली उष्ण हवा थंड होताच तिचा दाब घटतो आणि विटेच्या पोटात अंशतः निर्वात पोकळी राहते. हा तपशील पुढे उपयोगी पडणार आहे.

महाराष्ट्रालाही काचेच्या उद्योगाची परंपरा आहे. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना सुरू झाला. त्यामागे लोकमान्य टिळकांचे पाठबळ होते. १९१६ मध्ये ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ कारखाना काढला आणि त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील खेडोपाडी पोहोचला. काचेच्या सौंदर्याची ओढ तर जैन व्यापाऱ्यांना पूर्वीपासूनच आहे. इंदूरचे सर सेठ हुकुमचंद यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी बांधविलेल्या काचमंदिराच्या भिंती, खांब व छत पाहिले की त्याचा प्रत्यय येतो.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. बांधकाम साहित्याच्या दुकानात पेटी फुटली की चार-सहा सुट्या विटा उरतात. एवढ्याशा नगांनी कोणाचाच झरोका पुरा होत नाही, आणि माल वर्षानुवर्षे कोपऱ्यात धूळ खातो. अशा पडून राहिलेल्या मालाचे सोने करणे ही व्यापारी घरातील गृहिणीला साजेशीच युक्ती होय. शोभेसाठी मुद्दाम नवी पेटी विकत घेण्यात मात्र फारसे शहाणपण नाही.

प्रचलित वीट साधारण १९० मिलिमीटर चौरस व ८० मिलिमीटर जाडीची असून तिचे वजन सुमारे अडीच किलो भरते. छिद्र पाडलेली वीट मिळाली तर उत्तम. ती न मिळाल्यास हे काम काच कापणाऱ्या कारागिराकडूनच करून घ्यावे. छिद्र विटेच्या दर्शनी बाजूस न पाडता अरुंद कडेस पाडतात. तेही मधल्या सांध्यावर नव्हे, त्याच्या एका अंगाला. हिऱ्याच्या कणांचा मुलामा असलेले गोल कटर, मंद गती, हलका दाब आणि सतत पाण्याची धार, एवढे पथ्य पाळले तरच काच तडकत नाही. कटर आरपार होताच पोटातील निर्वात पोकळी बाहेरचे गढूळ पाणी आत ओढून घेते. नवख्याला वाटते, वीट बिघडली. पण तसे काही नसते. स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा खळबळून, पालथी घालून दोन दिवस वाळविली की ती पूर्ववत होते. ओलावा राहू देऊन घाईने दिव्यांची माळ भरली तर मात्र आतून धुके धरते, आणि ते पुसायला हात आत जात नाही.

छिद्राची कड घासून गुळगुळीत करावी व तिला रबरी वॉशर बसवावा, म्हणजे वायर कापली जात नाही. आत एलईडीची बारीक माळच सोडावी. तापणारा साधा बल्ब कोंडून ठेवण्याची ही जागा नव्हे. बॅटरीची डबी बाहेरच ठेवावी. पृष्ठभाग स्पिरिटने पुसून काचरंगाने वेल, कमळ, जाळीची नक्षी काढता येते. तीर्थंकरांची प्रतिमा मात्र अशा वस्तूवर नसावी. वीट आज दिवाणखान्यात असते, उद्या तडा गेला की भंगारात जाते, आणि आशातनेचा प्रश्न तेथे उभा राहतो.

उघड्या ज्योतीवर झेपावणारे कीटक या बंद दिव्यात होरपळत नाहीत, हा चातुर्मासात मोठाच दिलासा. तरीही प्रकाशाकडे ते येतातच. पांढऱ्या-निळ्या माळेपेक्षा पिवळसर माळेकडे ते कमी आकृष्ट होतात, म्हणून तीच निवडावी आणि निजण्यापूर्वी आठवणीने बंद करावी.

विक्रीचा विचार करणाऱ्या भगिनींनी आधी पाठवणीचा हिशेब मांडावा. विटेचा भाव, माळ व रंग यांचा खर्च सहज लक्षात येतो. अडीच किलो वजनाचे कुरिअर, जाड खोके आणि वाटेतील फूट विसरली जाते. गावात किंवा तालुक्याच्या बाजारात हातोहात विकली जाणारी वस्तू म्हणूनच ती परवडते.

राहिला जागेचा प्रश्न, आणि माकणीच्या परिसरात तो सर्वांत गंभीर आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनानंतरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या भूकंपाने हा टापू हादरला. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचा भार निजलेल्या माणसांवर कोसळून हजारोंचा बळी गेला. डोक्यावरचे ओझे म्हणजे काय, हे येथील जुन्या पिढीला सांगावे लागत नाही. तीन दशकांनंतर जन्मलेल्या मुलांना मात्र ते सांगावे लागते. अडीच किलोची गुळगुळीत काच उंच फळीवर, देवळीत, किंवा पलंगाच्या उशाशी ठेवू नये. एकावर एक रचायच्याच असतील तर दोन विटांमध्ये सिलिकॉन भरून त्या पक्क्या जोडाव्यात आणि त्याहून उंच मनोरा करू नये. तळाला चार रबरी पाय लावून गुडघ्याएवढ्या उंचीच्या, भिंतीला आवळलेल्या बैठ्या कपाटावर, काठापासून वीतभर आत ही वीट ठेवावी. रांगते मूल घरात असल्यास आणखी दोन वर्षे थांबावे.