बळाची बेगमी

मृग लागण्यापूर्वीं घरांत धान्य, सरपण आणि पापड-लोणचीं भरून ठेवण्याची चाल मुंबईच्या उपनगरांतून आतां जवळजवळ लोपली आहे. परंतु बेगमी या शब्दाचा अर्थ अजून प्रत्येक घराला कळतो. जी वस्तु उद्यां मिळविणें अवघड जाणार, ती आज सांठवून ठेवावयाची, एवढाच त्यांतील विचार. पैशाच्या बाबतींत तो सुशिक्षित कुटुंबांच्या अंगवळणीं पडलेला आहे. बोरिवलीचा किंवा मुलुंडचा नोकरदार पंचविशीपासून भविष्यनिर्वाह निधींत रक्कम टाकीत असतो, विम्याचे हप्ते भरीत असतो. पण ज्या स्नायूंच्या जोरावर त्याला सत्तराव्या वर्षीं खुर्चींतून उठावयाचें आहे, त्यांचा हिशेब त्याच्या कोणत्याहि वहींत आढळत नाहीं.

माणसाचें स्नायुबल विशी आणि तिशी यांच्या दरम्यान भरास येतें, कांहीं वर्षें टिकतें आणि मग उतरणीला लागतें. पन्नाशीनंतर स्नायूंचें वस्तुमान दरवर्षीं सुमारें एक ते दोन टक्क्यांनीं घटतें. बळ तर त्याहून अधिक वेगानें घटतें. या क्षयाला १९८०च्या दशकाच्या अखेरीस आयर्विन रोझेनबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञानें 'सार्कोपेनिया' असें नांव दिलें. ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ मांसाचें दारिद्र्य असा होतो. त्यांतहि आधीं झिजतात ते शीघ्र गतीचे तंतु. पाय घसरतांच दुसरें पाऊल झटकन् पुढें टाकून देह सांवरण्याचें काम हे तंतु करीत असतात. म्हणून न्हाणीघरांतील ओल्या फरशीवर तरुण माणूस नुसता अडखळतो आणि म्हातारा माणूस खुब्याचें हाड मोडून घेतो. लोक हाडाला दोष देतात. दोष बहुधा हाडाइतकाच मांडीचाहि असतो.

या बाबतींत महाराष्ट्रांतील माणसाची सुरुवातच उण्या शिलकेनें होते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनीं पुण्यानजीकच्या खेड्यांतील नवजात बालकांचीं मापें घेतलीं. त्यांचें सरासरी वजन सुमारें २.७ किलोग्रॅम भरलें. इंग्लंडांतील साउदॅम्प्टन येथील बालकांचें ३.५ किलोग्रॅम होतें. मौज अशी कीं, पुण्याकडील बाळांच्या अंगीं मेद त्या मानानें फारसा कमी नव्हता. कमी होतें तें मांस. पुढें २००४ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत डॉ. याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचें शेजारीं-शेजारीं घेतलेलें छायाचित्र प्रसिद्ध झालें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन अगदीं सारखें. देहभारांक दोघांचाहि २२.३. परंतु मेदाचें प्रमाण युडकिन यांच्या देहांत ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या देहांत २१.२ टक्के निघालें. वजनकांट्याकडे पाहून समाधान मानणाऱ्या अंधेरी-घाटकोपरच्या सडपातळ गृहस्थांनीं हें छायाचित्र एकदां अवश्य पाहावें. जेवणानंतर रक्तांत येणारी बरीचशी साखर स्नायूच शोषून घेतात. स्नायूच तुटपुंजे असले म्हणजे ती साखर रक्तांत रेंगाळते, आणि दिसावयास कृश असलेल्या माणसालाहि मधुमेह कां होतो याचें एक उत्तर येथें सांपडतें.

उपनगरांतील राहणीनें या उण्या शिलकेंत आणखी घट केली आहे. एका पिढीपूर्वीं मुलुंड, घाटकोपर, विलेपार्लें येथील पुष्कळशा इमारती तीन-चार मजल्यांच्या आणि बिनलिफ्टच्या असत. वरच्या मजल्यावरील गृहिणी भाजीची पिशवी घेऊन दिवसांतून दोनदां जिना चढे, ठराविक वेळींच येणारें पाणी बादल्यांनीं भरी, पाट्यावर चटणी वाटी. जेवण जमिनीवर, अंथरूण जमिनीवर, शौचकूपहि देशी पद्धतीचा. दिवसाकाठीं वीस-पंचवीस बैठका नकळत घडून जात. पुनर्विकासानें त्या इमारतींच्या जागीं मनोरे उभे केले, जिन्याच्या जागीं लिफ्ट आली, पाटाच्या जागीं मेज आलें आणि स्टेशनांवर सरकते जिने आले. हीं सुखें वाईट आहेत असें कोणींहि म्हणूं नये. जुन्या घरांतील कष्ट म्हणजे आयता व्यायाम होता असें ज्यांना वाटतें त्यांनीं त्या काळच्या बायांच्या कंबरेला विचारावें. त्या कष्टांना विश्रांतीची जोड नव्हती आणि पुरेशा अन्नाचीहि बहुधा नव्हती. पण जें ओझें उतरलें त्याच्या जागीं दुसरें कांहीं आलें नाहीं, ही गोष्ट मात्र खरी.

फिरावयास जाणें हें त्याचें उत्तर आहे, असा सर्वत्र समज आहे. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानांत पहाटे फिरणाऱ्यांची रीघ लागते, तें पाहून कोणालाहि आनंदच होईल. फिरण्यानें हृदय निकोप राहतें, झोंप चांगली लागते, चार मित्र भेटतात. बळ मात्र त्यानें फारसें वाढत नाहीं. जो भार पायांना रोजचाच आहे, त्यानें पाय नवें बळ धरीत नाहींत. आणि हात, खांदे, पाठ यांना तर फिरण्यांत कामच नसतें.

बळ वाढावयाचें तर भार वाढत गेला पाहिजे. हें तत्त्व तालमींतल्या वस्तादाला पुस्तकावांचून ठाऊक होतें. नव्या मुलाला तो मोजकेच जोर आणि बैठका सांगे, अंग सरावलें म्हणजे संख्या वाढवी, हलकी जोडी काढून जड जोडी हातीं देई, मग नाल आणि गदा. बडोद्याच्या दत्तात्रेय चिंतामण मुजुमदारांनीं गेल्या शतकाच्या पूर्वार्धांत दहा खंडांचा 'व्यायाम ज्ञानकोश' मराठींत सिद्ध केला, त्यांत ही सारी विद्या ग्रथित झालेली आहे. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि (१८६८–१९५१) यांचें उदाहरण वयाच्या दृष्टीनें विशेष लक्षांत ठेवण्याजोगें आहे. आरंभीं ते सँडो नांवाच्या जगप्रसिद्ध मल्लाच्या पद्धतीनें व्यायाम करीत. सूर्यनमस्काराकडे ते वळले चाळिशीच्या सुमारास, म्हणजे ज्या वयांत सामान्य गृहस्थ व्यायामाचे कपडे बोहारणीला देऊन टाकतो त्या वयांत. तथापि एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. रोज बारा नमस्कार घालून वीस वर्षें बारावरच थांबणाऱ्याचें अंग लवचिक राहील, बळ पहिल्या कांहीं महिन्यांनंतर वाढणार नाहीं. त्याच तत्त्वाला शास्त्राचें रूप दिलें तें थॉमस डिलॉर्म या तरुण अमेरिकन लष्करी डॉक्टरानें. दुसऱ्या महायुद्धांत शिकागोच्या रुग्णालयांत जखमी सैनिकांचे दुबळे पाय सुधारण्यासाठीं त्यानें वजनें मोजून क्रमाक्रमानें वाढविण्याची पद्धति वापरली आणि १९४५ सालीं ती प्रसिद्ध केली. आजचा सर्व बलवर्धक व्यायाम त्याच पायावर उभा आहे.

आतां वयाचा प्रश्न. लहान मुलानें ओझें उचललें तर त्याची उंची खुंटते, ही भीति घरोघरीं आहे. तिला आधार नाहीं. जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखालीं, हलक्या भारानें, अचूक पद्धतीनें केलेला असा व्यायाम मुलांना अपायकारक नाहीं, असें बालरोगतज्ज्ञांचें मत आहे. मल्लखांबावर दहा वर्षांची मुलगी स्वतःच्या देहाचाच भार तोलीत असते, तें याहून वेगळें काय आहे? तरुणांना या विषयांत उत्तेजनाची गरज नाहीं. गरज आहे ती धीराची. पहिल्या सहा-आठ आठवड्यांत जें बळ वाढतें, तें मुख्यतः मज्जातंतूंच्या शिक्षणानें. मांस त्यामागून हळूहळू येतें. आरसा लवकर कांहीं दाखवीत नाहीं म्हणून कोणी गोळ्या आणि टोंचण्या यांच्या नादीं लागतो. हृदय, यकृत आणि पौरुष या तिहींवर त्यांचा आघात होतो.

चाळिशी-पन्नाशींतील स्त्रियांकडे आजवर कोणीं पाहिलेंच नाहीं. तालमीचा दरवाजा त्यांना बंद होता, आणि नव्या व्यायामशाळांतहि त्यांच्या हातीं दोन गुलाबी डंबेल्स देऊन बोळवण केली जाते. वास्तविक ऋतुनिवृत्तीनंतर त्यांच्या हाडांचा क्षय एकदम वाढतो. त्यांनाच जड भाराची खरी आवश्यकता. ऑस्ट्रेलियांत हाडें विरळ झालेल्या १०१ स्त्रियांवर एक प्रयोग झाला. त्यांचें सरासरी वय ६५ होतें. त्यांपैकीं एका गटानें आठ महिने, आठवड्यांतून दोनदां, अर्धा-अर्धा तास, शिक्षकाच्या नजरेखालीं खरोखरी जड वजनें उचललीं. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें त्यांच्या कण्याची घनता सुमारें तीन टक्क्यांनीं वाढली. घरीं हलका व्यायाम करणाऱ्यांची घटली.

आणि ज्यांचें वय झालें आहे असें घरांतील सर्वांनीं ठरवून टाकलेलें असतें, त्यांचें काय? १९९० सालीं बोस्टन येथील वृद्धाश्रमांत डॉ. मारिया फियाटारोन यांनीं ८६ ते ९६ वर्षांच्या दहा दुर्बळ वृद्धांकडून आठ आठवडे मांड्यांचा भारयुक्त व्यायाम करविला. ज्या नऊजणांनीं तो पुरा केला त्यांचें बळ सरासरी १७४ टक्क्यांनीं वाढलें. दोघांनीं चालतांना काठी टाकून दिली. व्यायाम थांबवितांच मात्र चार आठवड्यांत बळ सुमारें तिसऱ्या हिश्शानें उतरलें. आजोबांच्या हातांतून पाण्याचा तांब्या काढून घेणारा, आजींना "तुम्ही बसा, आम्ही करतों" म्हणणारा घरचा प्रेमळपणा या प्रयोगाच्या उजेडांत जरा तपासून पाहण्यासारखा आहे.

स्वतःची परीक्षा सोपी आहे. हात छातीवर बांधून, पाठीशीं भिंत असलेल्या खुर्चीवरून पांच वेळां उठावें-बसावें. त्यास बारा सेकंद किंवा अधिक लागलीं तर आशियांतील तज्ज्ञांच्या २०१९च्या निकषाप्रमाणें पाय दुबळे होऊं लागले असण्याचा संभव आहे. परीक्षा हीच पहिली कसरतहि होय. आठ-दहा वेळां सहज उठतां येऊं लागलें कीं छातीशीं पिशवींत दोन किलो तांदूळ धरावे, मग तीन, मग पांच. भिंतीला हात टेकून घातलेले जोर पुढें ओट्याला टेकून आणि अखेर जमिनीवर घालावे. तीच तांदळाची पिशवी, पाठ सरळ ठेवून, कंबरेंतून वांकून जमिनीवरून उचलावी. प्रत्येक प्रकार आठ ते बारा वेळां. शेवटचे दोन जड गेले नाहींत तर भार हलका समजावा. आठवड्यांतून दोन दिवस पुरेत. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांसाठीं सांगितलेलें किमान प्रमाण तेवढेंच आहे. उचलतांना श्वास कोंडूं नये, आणि रक्तदाब, हृदयविकार किंवा अंतर्गळ असलेल्यांनीं आधीं डॉक्टरांना विचारावें.

अन्नाकडेहि थोडें पाहिलें पाहिजे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२० सालीं दर किलो वजनास ०.८३ ग्रॅम प्रथिनें सांगितलीं आहेत, म्हणजे ६० किलोच्या माणसास सुमारें ५०. वृद्धांस थोडीं अधिक असावींत असें पुष्कळ तज्ज्ञ मानतात. तीस ग्रॅम डाळींत तीं अवघीं सात ग्रॅम असतात, आणि पाणीदार वरणाच्या वाटींत तितकी डाळहि नसते. उसळ, दही, पनीर, अंडें, मासळी यांपैकीं कांहीं तरी दोन्ही जेवणांत आलें पाहिजे. दांत गेले म्हणून मऊ भात आणि पेज यांवर राहणाऱ्या वृद्धांची येथें फार उपासमार होते, आणि ती कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं. मूत्रपिंडाचा विकार असल्यास हें प्रमाण डॉक्टरांनींच ठरवावें.

सर्वांत मोठी गळती लागते ती आजारपणांत. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगांत निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणावर निजवून ठेविलें. तेवढ्यांत त्यांच्या पायांतील जवळजवळ एक किलो मांस झडलें. पावसाळ्यांत डेंग्यू किंवा न्यूमोनिया होऊन साठीपलीकडील माणूस आठवडाभर निजून राहिला तर त्याच्या बाबतींत हेंच, किंबहुना याहून अधिक घडतें. ताप उतरून डॉक्टरांनीं परवानगी दिली कीं प्रथम खुर्चीवरून बिनभारानें उठणें-बसणें सुरू करावें, पिशवींतले तांदूळ पूर्वींच्या निम्म्यावर आणावे आणि दर आठवड्यास थोडे-थोडे वाढवीत पूर्वपदास न्यावें.