हबशी (कोकण आणि दख्खन)

हबशी हे पूर्व आफ्रिकेतून, विशेषतः इथिओपियातून, दख्खन व कोकणात आलेल्या लोकांना मिळालेले नाव आहे. इथिओपियाला अरबीत ‘हबश’ म्हणतात, त्यावरून हा शब्द आला. किनाऱ्यावर त्यांना सिद्दी म्हणत; ‘सय्यिदी’ (माझे स्वामी) या अरबी संबोधनापासून हे नाव निघाले असे सामान्यतः मानले जाते. त्यांच्यापैकी अनेकजण गुलाम म्हणून आले आणि काही राज्यकर्ते झाले. सत्ता मिळाल्यावरही त्यांच्या वर्णाविषयीचा तिरस्कार मात्र संपला नाही.

अरब जगातील पार्श्वभूमी

गोऱ्याला काळ्यावर श्रेष्ठत्व नाही, ही शिकवण इस्लामी परंपरेत प्रेषित मुहंमद यांच्या अखेरच्या प्रवचनाशी जोडली जाते. पहिली अजान देणारे बिलाल हे हबशीच होते. व्यवहार निराळा होता. गुलाम सर्व वर्णांचे असत, परंतु कालांतराने तुर्की व कॉकेशसकडील गोऱ्या गुलामांना ‘ममलूक’ आणि काळ्यांना ‘अब्द’ म्हणण्याची रूढी पडली. अब्द म्हणजे दास. अब्दुल्ला या नावात तो ईश्वराचा दास असतो. काही अरब देशांच्या बोलीत मात्र हाच शब्द आजही काळ्या माणसाला हिणवण्यासाठी वापरला जातो. दक्षिण इराकात ८६९ ते ८८३ या काळात झंज गुलामांचा उठाव झाला. त्याच शतकात बसरा येथील लेखक अल-जाहिझ यांनी काळ्या लोकांच्या थोरवीवर प्रबंध लिहिला. असा प्रबंध लिहावासा वाटणे हेच तत्कालीन पूर्वग्रहाचे बोलके प्रमाण आहे. सौदी अरेबिया व येमेन येथे गुलामगिरी १९६२ मध्ये आणि ओमानमध्ये १९७० मध्ये कायद्याने बंद झाली.

मलिक अंबर

इथिओपियात जन्मलेला चापू नावाचा मुलगा येमेनमधील मोखा व पुढे बगदाद येथे विकला गेला. गुलामांना याकूत, संदल, काफूर अशी रत्नांची व सुगंधी द्रव्यांची नावे देत. बगदादच्या मालकाने त्याचे नाव अंबर ठेवले. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान, जो स्वतः हबशी होता, त्याने अंबरला विकत घेतले. पुढे मलिक अंबर निजामशाहीचे सूत्रधार झाले. त्यांनी खडकी (आजचे छत्रपती संभाजीनगर) वसवली आणि १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत मुघल व आदिलशाही फौजांचा पराभव केला. या लढाईत शहाजीराजे त्यांच्या बाजूने होते.

बादशहा जहांगीर आपल्या आत्मवृत्तात अंबर यांचा उल्लेख ‘काळ्या तोंडाचा’ अशा विशेषणांनी करतो. सुमारे १६१६ मध्ये दरबारी चित्रकार अबुल हसन याने जहांगीर अंबरच्या छिन्न मस्तकावर बाण सोडत असल्याचे चित्र काढले. ते सध्या डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. प्रत्यक्षात अंबर मुघलांच्या हाती कधीच लागले नाहीत. १६२६ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यानंतर मुघल इतिहासकार मुतमदखान याने त्यांच्या युद्धकौशल्याची व कारभाराची मोकळेपणाने स्तुती केली.

कोकणातील सिद्दी

जंजिऱ्याचे सिद्दी संस्थान १९४८ पर्यंत टिकले. आसपासच्या मुलखाला हबसाण म्हणत. रत्नागिरी जिल्ह्यातील अंजनवेलचा किल्ला अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सिद्दींकडे होता. तेथील अधिकारी सिद्दी सात याने १७२७ मध्ये चिपळूणजवळील परशुराम देवस्थानाची नासधूस केली. १७३६ मध्ये चिमाजी अप्पांशी झालेल्या लढाईत तो मारला गेला. हे वैर सत्तेचे व धर्मस्थळाचे होते. तथापि मराठी बोलण्यात ‘हबशी’ हा शब्द काळ्या रंगावरून चिडवण्यासाठीही वापरला जातो, आणि तेथे शत्रुत्वाचा संबंध उरत नाही, केवळ वर्णाचा उरतो.

राजघराण्यांपलीकडच्या सामान्य सिद्दींच्या नोंदी फार थोड्या सापडतात. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी, ज्यांच्या कोकणी बोलीत मराठीचाही अंश आहे, त्यांना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. यांतील अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेले गुलाम होते.

वर्तमान

रत्नागिरी जिल्ह्यातील अनेक कुटुंबे आखाती देशांतील रोजगारावर अवलंबून आहेत. तेथे भेदभावाचा आधार त्वचेच्या रंगाइतकाच पारपत्र हाही असतो. एकाच कामाचा पगार राष्ट्रीयत्वानुसार बदलत असल्याच्या तक्रारी जुन्या आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या वंशवादविषयक विशेष प्रतिनिधी तेंदायी अचिउमे यांनी २०१९ मधील कतार भेटीनंतर या स्थितीला राष्ट्रीयत्वावर आधारित प्रत्यक्षातील जातिव्यवस्था असे म्हटले. कतारने मार्च २०२१ पासून सर्व राष्ट्रीयत्वांच्या कामगारांसाठी एकच किमान वेतन लागू केले.