अखंड आस आणि गाडीची तिरकी चाल

बोलेरोसारख्या गाड्यांची मागची चाके एकाच अखंड आसावर (ॲक्सलवर) बसवलेली असल्यामुळे त्यांचा कोन पुढच्या चाकांप्रमाणे नट फिरवून जुळवता येत नाही. हा आस लीफ स्प्रिंगच्या पाट्यांना यू-बोल्टने आवळलेला असतो आणि पाट्यांमधला सेंटर बोल्ट त्याची जागा धरून ठेवतो. जादा भाराने वा खड्ड्यातील दणक्याने तो बोल्ट तुटला, की आसाचे एक टोक मागे किंवा पुढे सरकू शकते; मग गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते आणि सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग वाकडे धरावे लागते. चाकांमध्ये १४०० मिलिमीटर अंतर असेल, तर अवघे १० मिलिमीटर सरकणेही सुमारे ०.४ अंशाचा तिरकेपणा आणते. अशा वेळी केवळ पुढची अलाइनमेंट करणे व्यर्थ होय. स्टिअरिंग सरळ ठेवून दोन्ही बाजूंचे पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर टेपने मोजावे आणि फरक आढळल्यास आधी पाटे तपासावेत.